मोजलेली हवा

परवा लोअर परळच्या सिग्नलला माझ्या स्कूटरशेजारी एक चकचकीत काळी गाडी येऊन थांबली आणि थांबता थांबता तिने मोठ्याने फुस्स केलं. आतल्या पोराने आजूबाजूला नजर टाकली, सगळ्यांनी ऐकलं ना याची खात्री करून घेतली आणि समाधानाने मान मागे टेकली. हा आवाज यावा म्हणून हल्ली लोक मुद्दाम गाडीत काय काय बसवून घेतात म्हणे. मला मात्र तो ऐकला की अजून हात आपोआप चावीकडे जातो. एके काळी सलग तीन महिने, दर रविवारी सकाळी, त्या आवाजानंतर दुसऱ्या क्षणाला मी भर रस्त्यात बंद पडलेली असायचे. मागून हॉर्न, समोरून हवालदार, आणि शेजारच्या सीटवर आमचे काका डोळे मिटून इंजिनाकडे कान देऊन बसलेले.

काका म्हणजे माझे सख्खे कुणी नव्हेत. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून होती, आणि काका म्हणायला चाळीत तेवढं नातं पुरतं. गिरणीत ते हवाखात्यात होते. सूत तुटू नये म्हणून सगळ्या खात्यांत ओलसर ताजी हवा सोडायची आणि कापसाच्या तुसाने भरलेली जुनी हवा मोठ्या पंख्यांनी बाहेर काढायची, हे त्यांचं काम. गिरणी कधीच बंद झाली, तिच्या जागी काचेचा टॉवर आला, पण काकांनी आपलं खातं काही बंद केलं नाही. ते उचलून त्यांनी चाळीत आणलं.

त्यांच्या खोलीत दारात, खिडकीत, मोरीच्या जाळीसमोर दोऱ्याला बांधलेले कापसाचे पुंजके लोंबत असायचे. हवा कुठून येते आणि कुठे जाते हे त्यांच्यावरून कळतं. कुणाकडे गेले की चहाच्या आधी काकांच्या खिशातून पुंजका निघायचा आणि यजमानांना आपल्याच घराबद्दल चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागायच्या. माझ्या वडिलांची कॉट त्यांनी तीनदा हलवली. तिसऱ्या वेळी वडील वैतागून म्हणाले, "आता मलाच गॅलरीत टांगा, म्हणजे हवाही लागेल आणि तुमचं समाधानही होईल." यावर काकांनी गॅलरीकडे बघून खरोखरच विचार केला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांचा नियम एकच होता. एकदा वापरलेली हवा परत आत घ्यायची नाही. एसीला ते 'उष्टी हवा' म्हणत. एटीएममध्ये पैसे काढायचे तर एका पायाने दार उघडं धरून, तिरके होऊन, लांबूनच बटणं दाबत. दादरला एका एसी हॉलमधल्या लग्नात त्यांनी एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. मॅनेजर धावत आला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तीनशे माणसं मघापासून एकमेकांची हवा आलटून पालटून घेतायत. तुम्हाला चालतं?" मॅनेजरला चालत होतं. काकांना अक्षता टाकायला रस्त्यावर उभं राहावं लागलं आणि तिथून टाकलेल्या अक्षता कुणाला लागल्या देव जाणे.

घराचं दार ते दिवसभर सताड उघडं ठेवत. ते आपटू नये म्हणून खाली एक जाडजूड पितळी मूठ सरकवलेली असे. येता-जाता आम्हा सगळ्यांना त्या मुठीची ठेच लागायची, पण ती उचलायची कुणाची हिंमत नव्हती. ती कसली मूठ, हे मला फार उशिरा कळलं.

आता गाडी. गंमत अशी की काकांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "चालवणारा वेगळा, हवा देणारा वेगळा," असं ते म्हणत. जुनी पांढरी गाडी त्यांनी घेतली ती काकूंसाठी. काकूंना एसटी लागायची. माणगावच्या पुढे गेलं की पिशवी तोंडाशी धरून बसायच्या, म्हणून त्या माहेरी जायच्याच बंद झाल्या होत्या. माहेर कोकणात, एका उभ्या घाटरस्त्याच्या डोक्यावर. गाडी आल्यावर काका भाड्याचा ड्रायव्हर घेऊन काकूंना आणि त्यांच्या बहिणीला थाटात घेऊन निघाले. घाटाच्या मध्यावर गाडीचा दम संपला. ड्रायव्हर म्हणाला, वजन कमी करा. काका पुढे बसून इंजिन ऐकत राहिले आणि दोघी बायका भर उन्हात, नव्या साड्या सावरत, गाडीमागून चालत घाट चढल्या. वरून उतरणाऱ्या एसटीतल्या माणसांनी ते बघितलं. त्यांतली निम्मी काकूंच्याच गावची होती.

काकूंनी माहेरी पोचून साडीवरची धूळ झटकली आणि सगळ्यांची विचारपूस केली. मुंबईला परत आल्यावर पदर खोचताना एवढंच म्हणाल्या, "ज्या गाडीच्या पाठसून चलत गेलंय, त्याच गाडीत बसान परत जातलंय. नायतर जावचंय नाय." माझी आई मुद्दाम एकदा म्हणाली, दुसरी गाडी भाड्याने करा की. काकूंनी तिच्या हातात चहाचा कप दिला आणि विषय बदलला. आणि त्याच वर्षी त्यांच्या थोरल्या भावाने अंथरूण धरलं. माहेरी तेवढाच एक उरला होता. दर आठवड्याला फोन यायचा, आवाज दर आठवड्याला बारीक झालेला असायचा, आणि काकू फोन ठेवून भाकऱ्या थापायला लागायच्या. काका समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. मला दोघांचाही राग यायचा, पण काकांची कीव जास्त यायची.

मग एक दिवस काका कुर्ल्याच्या भंगारबाजारातून पिशवीत काहीतरी जड घेऊन आले. डिझेल गाडीचा जुना टर्बो होता. मला त्यांनी तो खाटेवर ठेवून समजावला. "हे बघ गो बाय. इंजिनातला धूर बाहेर जाताना हा पंखा फिरवतो. ह्याच्या पाठीला दुसरा पंखा. तो बाहेरची ताजी हवा इंजिनाच्या घशात कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. माझ्या गाडीला पेट्रोल कमी नव्हतं पडलं. हवा कमी पडली होती. आणि मी बाजूला बसून होतो." शेवटचं वाक्य ते टर्बोकडे बघून बोलले.

घोडपदेवच्या एका वेल्डरकडून त्यांनी पाइप जोडून घेतले. बाकी सगळं शिकले माझ्या फोनवरच्या व्हिडिओंतून, तेही आवाज बंद करून. भाषा कळत नाही हे एक कारण होतंच, पण तत्त्वही होतं. "कामाच्या माणसाचे हात बघायचे, तोंड नाही," असं ते म्हणत. मला तेव्हा हे फार भारी वाटलं होतं. पुढे कळलं की आमच्या तीन महिन्यांच्या वनवासाचं औषध त्यातल्या एका माणसाने पहिल्या पाच मिनिटांत तोंडाने सांगितलं होतं.

चालवायला अर्थातच मी. मी पाणीखात्यात नोकरीला होते, घरोघरचे मीटर वाचायचं काम, आणि चाळीत लायसन्स असून रविवारी सकाळी मोकळी असणारी मी एकटीच. पहिल्या रविवारी पाय दाबला आणि ती म्हातारी गाडी अशी उसळली की काकांची टोपी मागच्या सीटवर गेली. काका लहान पोरासारखे हसले. पुढे सिग्नल लाल झाला, मी पाय उचलला, फुस्स झालं आणि इंजिन गप्प. मग पुन्हा चावी, पुन्हा सुरू, पुन्हा जोर, पुन्हा पाय उचलला की फुस्स आणि गप्प. हळूहळू चालवली तर काही होत नसे. जोर देऊन पाय काढला की हटकून मरायची. चिंचपोकळीच्या पुलावर मेली, लालबागच्या मार्केटसमोर मेली, माहीमला तर एका वरातीच्या मधोमध मेली आणि घोड्यावरच्या नवऱ्याने खाली वाकून विचारलं, ताई, धक्का देऊ का.

गाडी जिथे मेली ती जागा काका खडूने आपल्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवत. पूल, मार्केट, वरात. चाळीतले लोक आम्हाला निघताना बघून "आज कुठपर्यंत?" असं विचारत. एक हवालदार तर इतका ओळखीचा झाला की आम्ही बंद पडलो की तो आधी चहाची ऑर्डर द्यायचा.

प्लग काढले की काळेकुट्ट निघायचे. कुठलाही मेकॅनिक सांगेल, काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, नाहीतर हवा कमी. पण काकांच्या गाडीत हवा कमी आहे असं म्हणायचं कुणी? एकाने म्हणून बघितलं, तर काका त्याला म्हणाले, "मी चाळीस वर्षं आख्ख्या गिरणीला हवा दिली. एवढ्याशा डब्याला देता येणार नाही?" तेव्हा दोष पेट्रोलचा ठरला. पेट्रोलचा पंप बदलला, फिल्टर बदलला, वायरी बदलल्या. गाडी मरायची तशीच मरत राहिली. गावाहून फोन येतच होते. एकदा काकूंच्या भावाला बोलताच आलं नाही, नुसता श्वास ऐकू आला, आणि काकू बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून त्या श्वासाला गावच्या आंब्यांबद्दल विचारत राहिल्या. मी तिथे साखर मागायला गेले होते. साखर न घेताच परत आले.

शेवटी काकांनी आपलं ठेवणीतलं हत्यार काढलं. चाळीच्या अंगणात बॉनेट उघडून त्यांनी पाइपांच्या प्रत्येक जोडावर दोऱ्याने एकेक कापसाचा पुंजका लटकवला. सात जोड, सात पुंजके. कुठे हवा गळत असेल तर पुंजका हलणार. मला सांगितलं, जोरात रेस कर आणि एकदम सोड. मी जोरात रेस करून सोडली. फुस्स झालं, एक पुंजका उंच उडाला, इंजिन खोकलं आणि बंद पडलं. बाकीचे सहा जागच्या जागी.

"बघ, कुठेच गळत नाही," काका म्हणाले.

"काका, हा एक उडाला की."

"तो उडायलाच पाहिजे. तू पाय काढलास की इंजिनाचं दार बंद होतं. कोंबलेली हवा जाणार कुठे? ती बाहेर टाकायला हा व्हॉल्व्ह मीच बसवलाय. ती उरलेली हवा आहे."

मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण नळ आणि मीटर कळत होते. इंजिनात हवा जाते तिथे तोंडाशी एक मीटर असतो आणि तो बघेल तेवढ्या हवेला पुरेल असं पेट्रोल सोडलं जातं, हे काकांनीच मला शिकवलं होतं. मी म्हटलं, "काका, आमच्याकडे मीटरच्या पुढे पाइप फुटला ना, तर पाणी रस्त्यावर जातं. पण मीटरला वाटतं, घरात गेलं. ही जी हवा तुम्ही बाहेर टाकता, ती मीटरने आधीच मोजलेली असते ना?"

काकांनी उडालेला पुंजका दोन बोटांत धरला. वाकून ते व्हॉल्व्हकडे बघत राहिले. हवा बाहेर गेली, पेट्रोल मात्र तिच्या नावाने आत आलं आणि इंजिन त्यात बुडालं, हे त्यांना माझ्या आधी कळलं असणार. उपायही उघड होता. व्हॉल्व्हच्या तोंडाला पाइप लावायचा आणि ती हवा मीटरच्या पुढे, टर्बोच्या आधी, परत आत आणून सोडायची. कुठल्याही पोराने अर्ध्या तासात केलं असतं. काकांनी सातही पुंजके सोडवले, खिशात घातले, बॉनेट लावलं आणि वर निघून गेले. पुढचा रविवार आला तरी खाली उतरले नाहीत.

मी चिडून वर गेले. दारातल्या मुठीची ठेच लागली आणि माझं डोकंच फिरलं. "एक पाइप लावायचा आहे काका. तिकडे काकूंचा भाऊ वाट बघतोय आणि तुम्ही बसलाय कशासाठी?"

काकांनी ती मूठ उचलून माझ्या हातात दिली. चांगलीच जड होती. मग सांगितलं. त्यांचे वडील त्याच गिरणीत कार्डिंग खात्यात होते, जिथे कापूस पिंजला जातो आणि हवेत तूस उडतं. थंडीत हवेतला ओलावा टिकावा म्हणून वरचे साहेब हवा बाहेर सोडणारी झडप बंद करायला लावत आणि तीच तुसाची हवा खात्यात फिरत राही. "बाबांचा खोकला आम्ही जिन्यापासून ओळखायचो," काका म्हणाले. "शेवटी शेवटी तर बोलायला जागाच राहिली नव्हती त्या खोकल्यात." वडील गेल्यावर काकांनी मुद्दाम हवाखातं मागून घेतलं. पहिल्याच थंडीत झडप बंद करायचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी झडपेची मूठ काढली आणि जेवणाच्या डब्यात घालून घरी आणली. मूठ नाही तर झडप बंद होणार कशी? पंधरा दिवस घरी बसवलं त्यांना. मूठ काही परत गेली नाही. "आणि आता माझ्याच हाताने वापरलेली हवा परत आत सोडू?"

मूठ हातात धरून उभी राहिले. काकू चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पाठमोऱ्या होत्या. मागे न वळता त्यांनी विचारलं, "इंजिनाक खोकलो येता काय वो?"

काकांनी मान वर केली.

"बाबांक येय होतो. तेंच्यासाठी तुमी केलात ता बरोबरच केलात. पण गाडीक छाती खय असा? आणि ती हवा वापरलेली तरी खय असा? नुसती आत जाऊन दारात उभी रवली हा. माझ्यासारखी." मग गॅस बारीक करून त्या पुढे म्हणाल्या, "माका भावाक बघूचा असा."

इतक्या वर्षांत त्यांनी काकांकडे काही मागितलेलं मी ते पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तेव्हा पाइप बसला होता. काकांना माप घेताना कुणीच पाहिलं नव्हतं, म्हणजे ते आधीच घेऊन ठेवलं असणार. फक्त काकूंची चहाची नवी गाळणी सापडत नव्हती. तिची जाळी पाइपच्या तोंडात निघाली. "परत घ्यायची तर गाळून तरी घेऊ," काका म्हणाले. रविवारी वरळीपर्यंत जाऊन आलो. फुस्स नाही, काही नाही. ओळखीचा हवालदार हात करून आम्हाला थांबवायला लागला, तर आम्ही पुढे निघून गेलो. त्याची चहाची ऑर्डर वाया गेली असेल.

चाळ पडली, आम्ही सगळे पांगलो. काका गेले त्यालाही चार वर्षं झाली. पितळी मूठ काकूंनी मला दिली. मी आता बाविसाव्या मजल्यावर राहते, तिथे दार उघडं ठेवलं की शेजारचे तक्रार करतात, तरी मी मूठ सरकवतेच. ठेच लागली की बरं वाटतं.

पण मला काका आठवतात ते त्या घाटातले, पाइप बसल्यावर आम्ही काकूंच्या माहेरी निघालो तेव्हाचे. मी चालवत होते, काका शेजारी, काकू मागे एकट्या. वळणावर समोरून एसटी आली. मी पाय उचलला आणि तिघांचेही कान बॉनेटकडे लागले. इंजिन खाली बसलं, गुरगुरलं आणि सावरलं. थोडं पुढे गेल्यावर काका म्हणाले, "थांबव." कडेला एक मोडका कठडा होता. त्याच जागी पहिल्या खेपेला गाडीचा दम संपला होता. काका दार उघडून उतरले.

"खय चललात?" काकूंनी विचारलं.

"तू बस. मी चलत येतंय." मग मला म्हणाले, "वर जाऊन थांब. इंजिन बंद करू नकोस."

सत्तरी ओलांडलेला माणूस, दुपारचं ऊन. मी काकूंकडे आरशात बघितलं. त्यांनी नुसती मान डोलावली. मी वर जाऊन गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून आम्ही दोघी बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. एक एसटी खालून वर आली, तिच्यातल्या माणसांनी वाटेत एक म्हातारा टोपी हातात घेऊन चढताना नक्कीच पाहिला असणार. इंजिन एका लयीत चालू होतं आणि काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत ते ऐकत होत्या. काका वळणावर दिसले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. गाडीपाशी येऊन त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. काकू सीटवर सरकल्या, मागचं दार आतून उघडलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. काका नेहमी पुढे बसत, त्या दिवशी मागे बसले.

पुढे पाच मिनिटांवर घर होतं. पडवीत बाज टाकली होती आणि बाजेवर काकूंचे भाऊ. नजर गेली होती, कान शाबूत होते. गाडी अंगणात शिरताच त्यांनी मान उचलली आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "कोणाची गाडी ती?"

काकू उतरल्या. साडी नीट केली. काकांकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमची."